दिघे वकिलांचे पुणे

प्रभाकर दिघे यांच्या आयुष्यात पुणे हे शहर फारसे आलेच नाही. एकदोन लग्ने आणि एका मावसभावाची शस्त्रक्रिया, एवढ्यापुरते ते तिथे गेले आणि परत आले. तरीही त्यांच्या उज्जैनच्या घरात पुण्याचे नाव जितक्या वेळा निघाले तितक्या वेळा महाकालाचेही निघाले नसेल.

कारण जुने आहे. दिघ्यांचे वडील बँकेच्या नोकरीपायी जळगावकडून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. प्रभाकर बी.कॉम. झाले त्या उन्हाळ्यात त्यांना पुण्याच्या एका नावाजलेल्या विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. ट्रंक भरून झाली होती. निघायच्या आधल्या आठवड्यात वडिलांचे उजवे अंग लुळे पडले. ट्रंक रिकामी झाली आणि प्रभाकर उज्जैनच्याच एका महाविद्यालयात सकाळच्या वर्गांना जाऊ लागले. तिथे शिकवणारे बहुतेक स्वतः वकिली करत. कोर्टाची वेळ झाली की ते वाक्य अर्ध्यावर सोडून सायकलवर टांग मारत. दिघे अजून म्हणतात, "मी अर्ध्या वाक्यांवर झालेला वकील आहे."

आमची घरे माधव नगरात समोरासमोर आहेत, म्हणून हे मी अनेकदा ऐकले. भाडेकरूंचे दावे, भावांच्या वाटण्या, दोन घरांमधल्या गल्लीचा हक्क असे त्यांचे काम. काम चांगले चालत असे, घर नीट उभे राहिले. परंतु एखाद्या मोठ्या बँकेचे काम हुकले, सरकारी वकिलाच्या नेमणुकीत नाव आले नाही, किंवा इंदूरहून आलेल्या एखाद्या ज्येष्ठाने भर न्यायालयात त्यांचे बोलणे मध्येच तोडले, की त्या दिवशी संध्याकाळी दिघे ओसरीवर बसून म्हणत, "पुण्याला गेलो असतो तर गोष्ट वेगळी होती."

त्यांच्या पत्नी शोभाताई देवासच्या. त्या आतून विचारत, "आलं का तुमचं पुणं?"

एकदा त्या जरा चिडल्याच होत्या. हात पुसत बाहेर येऊन म्हणाल्या, "एक सांगा वकीलसाहेब, पुण्याला गेला असता तर देवासची मुलगी बघायला कोण आलं असतं? की पुण्याला न गेल्याच्या नुकसानीत मलाही धरलंय?"

"तसं नाही गं," दिघे म्हणाले.

"मग कसं? स्पष्ट सांगा, मी लिहून घेते."

दिघे हसले आणि विषय बदलला. पण पुणे गेले नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जिला दिघे स्वतः कधी किंमत देत नसत. त्यांची उलटतपासणी ऐकण्यासारखी असे. इथल्या न्यायालयात साक्ष हिंदीत नोंदली जाते, आणि वकिलाचा प्रश्न सहसा कागदावर येतच नाही. साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्या उत्तराचे वाक्य बनवून टंकलेखकाला सांगतात, आणि तेवढेच उरते: 'यह कहना सही है कि', किंवा 'यह कहना गलत है कि'. वकिलाने कितीही सुंदर प्रश्न विचारला तरी तो हवेत विरून जातो. म्हणून प्रश्न असा हवा की साक्षीदाराने नुसते 'जी' म्हटले तरी आपल्याला हवे ते वाक्य कागदावर उतरावे. दिघ्यांचा नियम साधा होता. प्रश्न इतका लहान करायचा की साक्षीदाराच्या 'लेकिन'ला बसायला जागा उरू नये.

हा नियम त्यांनी कुणा ज्युनियरला शिकवला नाही, कारण त्यांच्याकडे ज्युनियर टिकत नसत. तो त्यांनी नकळत आपल्या मुलीला शिकवला. निहारिका लहान असताना जेवणाच्या टेबलावर खटला चाले. ती साक्षीदार, दिघे वकील, आणि शोभाताई न्यायाधीश, कारण पोळ्या त्यांच्या हातात असत.

"यह कहना सही है कि ग्लास आपके सामने रखा था?"

"सही है."

"यह कहना सही है कि ग्लास में दूध था?"

"सही है, लेकिन त्यावर साय होती!"

"'लेकिन' आलं. हरलो," दिघे म्हणत आणि ग्लास आपल्याकडे ओढून दूध स्वतः पीत. मग अदलाबदल होई. निहारिका वकील होई आणि बाबा शनिवारी बाजारातून काय आणायला विसरले याची तपासणी चाले. दहावीपर्यंत हा खेळ टिकला. नंतर अभ्यास आला आणि खेळ मागे पडला.

कायदा शिकायचे तिने स्वतःच ठरवले होते. कुठे शिकायचे ते दिघ्यांनी ठरवले. देशभरातली मुले ज्या परीक्षेला बसतात त्या परीक्षेची शिकवणी त्यांनी तिला फ्रीगंजमध्ये लावली, आणि रोज स्कूटरवरून सोडायला-आणायला ते स्वतः जात. दक्षिणेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात तिचा नंबर लागला तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना पेढे मिळाले, आणि पुढची कित्येक वर्षे त्या विद्यापीठाचे नावही मिळत राहिले. कुणाच्या मुंजीत, कुणाच्या तेराव्याला, टावर चौकात उसाचा रस पिताना, दिघे ते नाव न विचारता सांगत. न्यायालयातल्या चहावाल्यालाही ते पाठ झाले होते.

शिक्षण संपल्यावर निहारिका मुंबईत एका बड्या लॉ फर्ममध्ये लागली. दिघ्यांच्या दृष्टीने इथे गोष्ट पूर्ण झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात ती सुटीवर आली आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मला इथे प्रॅक्टिस करायची आहे."

"इथे म्हणजे इंदूरला? हायकोर्टात?"

"उज्जैनला. जिल्हा न्यायालयात."

दिघ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मजाक करतेस का?"

"बिलकुल नाही. दोन वर्षं झाली, मी कंपन्यांचे करार वाचते. एकाच्या शंभर पानांत दुसऱ्याची पन्नास पानं मिसळते. या दोन वर्षांत मी न्यायाधीश पाहिला नाही. लिफ्टमध्येसुद्धा नाही."

"मी रोज पाहतो. पाहण्यासारखं विशेष काही नसतं."

"मला साक्षीदार बघायचेत, बाबा."

"इथे येऊन तू तेच करशील जे मी करतो."

"हो."

"मग तिकडे पाठवलं कशाला?"

शोभाताईच म्हणाल्या, "पाठवलं म्हणून तिला काय करायचं नाही ते कळलं. हेही शिक्षणच झालं की."

दिघ्यांना ते पटले नाही. ते पटण्यासारखे नव्हतेच, कारण प्रश्न केवळ मुलीचा नव्हता. इतकी वर्षे त्यांनी धरून चालले होते की आपल्यात जे कमी पडले ते त्या ट्रंकेबरोबर राहून गेले. मुलीने ते मिळवले होते. आता तेवढे मोठे नाव घेऊन ती त्याच आवारात येणार, त्याच तारखा घेणार, त्याच गल्ल्यांच्या हक्कांवर भांडणार असेल, तर एक तर तिचे शिक्षण वाया गेले असे म्हणावे लागेल, किंवा आपण ज्याच्या नावाने आयुष्यभर हळहळलो ते इतके महत्त्वाचे नव्हते असे. या दोहोंपैकी कोणतीही गोष्ट मान्य करायला ते तयार नव्हते. तिने परत जावे एवढेच त्यांना हवे होते.

अखेर एक करार झाला. मुंबईच्या फर्मने तिची जागा दिवाळीपर्यंत ठेवायचे कबूल केले होते. दिघे म्हणाले, "दिवाळीपर्यंत हौस करून घे. जमलं नाही तर मुकाट्यानं मुंबई."

"आणि जमलं तर?"

"जमलं की नाही ते मी ठरवणार."

"हे कुठल्या कायद्यात बसतं?"

"बापाच्या," शोभाताई म्हणाल्या.

उज्जैनच्या वकिलांमध्ये एक रीत आहे. वकिलाचा मुलगा किंवा मुलगी आधी बापाच्या टेबलावर बसत नाही. दुसऱ्या ज्येष्ठाकडे बसते. घरच्या माणसाकडे मनापासून रागावणारा कुणी नसतो, असे कारण सांगतात. दिघ्यांनी मुलीला नेले ते थेट भय्यासाहेब पोतनिसांकडे. पोतनीस घराणे शिंद्यांच्या दरबारातल्या जुन्या नोकरदारांचे. भय्यासाहेबांची वकिली शहरात सगळ्यांत जुनी, आणि दिघ्यांच्या निम्म्या दाव्यांत समोरच्या बाजूला तेच असत.

"मुलीला तुमच्याकडे बसवायचंय, भय्यासाहेब."

"का? तुमचं टेबल मोडलं काय?"

"माझ्याकडे बसली तर तिला रागावणार कोण?"

"म्हणजे रागवायचं मी, आणि कौतुक तुम्ही करणार. बढिया." मग ते निहारिकेकडे वळले. "काय गं, एवढ्या मोठ्या कॉलेजात तारीख कशी मागायची ते शिकवतात का?"

"नाही काका. तारीख न मागता खटला कसा चालवायचा ते शिकवतात."

"अरे बापरे. मग तू आम्हाला उपाशी मारणार." भय्यासाहेब खुर्चीत मागे रेलून हसले. "बस त्या कोपऱ्यात. आणि काका नाही म्हणायचं. इथे मी भय्यासाहेब."

पहिल्या आठवड्यातच निहारिकेला कळले की तिच्या विद्यापीठाचे नाव इथे कुणाला अडवत नाही आणि कुणाला ओढतही नाही. नवीन माणूस दिसला की व्हरांड्यातला प्रत्येक वकील, कारकून आणि टंकलेखक एकच प्रश्न विचारे, "किसके जूनियर हो?" तिने सुरुवातीला विद्यापीठाचे नाव सांगून पाहिले. एक वयस्क टंकलेखक ते लक्षपूर्वक ऐकून म्हणाला, "बहुत अच्छा, बेटा. पर जूनियर किसके हो?" मग ती "पोतनीस साहब की" म्हणू लागली, आणि लगेच बसायला बाक मिळू लागला. भय्यासाहेबांचे नावही एक प्रकारचे मोठे विद्यापीठच होते, हे तिने मला हसत सांगितले. मला ते अगदी खरे वाटले.

दिघे मात्र त्या महिन्यांत चहाला बाररूममध्ये जाईनासे झाले. "मुलगी परत आली म्हणे?" या प्रश्नातले 'परत' त्यांना खुपत असे.

दिवाळी जवळ आली तेव्हा एक दावा साक्षीला लागला. टावर चौकातल्या एका लहान दुकानाचा. दुकानाचे मालक आल्हाद मुजुमदार. भाडेकरू विष्णू मिस्त्री, जो तिथे मिक्सर आणि कुकर दुरुस्त करतो. आमचाही मिक्सर त्याच्याकडेच जातो. मुजुमदारांना आपल्या मुलाला, राजसला, व्यवसाय थाटून द्यायचा होता, म्हणून दुकान रिकामे हवे होते. अशा दाव्यात मालकाची गरज खरी असली पाहिजे, आणि त्याच्याजवळ त्याच शहरात दुसरी योग्य रिकामी जागा असता कामा नये. मुजुमदारांचे वकील दिघे होते. मिस्त्रीचे वकील भय्यासाहेब, म्हणजे आता निहारिकाही. दोन्ही पक्षांना हे ठाऊक होते आणि कुणी हरकत घेतली नाही. एवढ्या कारणावरून वकील बदलू लागले तर उज्जैनला वकील पुरणार नाहीत. घरात या दाव्याविषयी अवाक्षर काढायचे नाही, अशी भय्यासाहेबांची सक्त ताकीद होती. दिघे स्वतःही फाईल कपाटात कुलूप लावून ठेवत, आणि किल्ली शोभाताईंकडे देत.

पुढचा प्रसंग मी तिघांकडून ऐकला: दिघ्यांकडून, निहारिकेकडून आणि विष्णू मिस्त्रीकडून. तपशील जुळतात, म्हणून तो खरा धरायला हरकत नाही.

त्या दिवशी मुजुमदारांची उलटतपासणी होती आणि भय्यासाहेब तापाने घरी होते. अशा वेळी ज्युनियरने उठून तारीख मागायची असते. पण या दाव्यात आधीच पुष्कळ तारखा झाल्या होत्या. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "आज अंतिम अवसर है. आप करेंगी?"

दिघे सांगतात, त्या वयात ते हात जोडून तारीख मागत राहिले असते. निहारिका म्हणाली, "जी सर, करूँगी." तिचा आवाज स्थिर होता. तेवढा स्थिर आवाज कुठून येतो ते दिघ्यांना माहीत होते, किंवा माहीत आहे असे वाटत होते. त्या विद्यापीठात मुलांना मोठमोठ्या न्यायाधीशांपुढे उभे करून सराव करून घेतात.

तिने पहिला प्रश्न विचारला, आणि तो फार चांगला प्रश्न होता. "मुजुमदार साहब, न्यायालय को बताइए कि आपको यही दुकान क्यों चाहिए?"

मुजुमदार सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी सांगायला सुरुवात केली. मुलगा इंजिनियर झाला, नोकरी लागली आणि सुटली, दोन ठिकाणी लग्नाची बोलणी केवळ कमाई नाही म्हणून थांबली, रात्ररात्र आईला झोप नाही, आणि टावर चौकाखेरीज त्याच्या लायक दुसरी जागा नाही. न्यायाधीश सावकाश सांगत गेले आणि टंकलेखक टिपत गेला. दिघ्यांनी महिनाभर खपून केलेल्या शपथपत्रात जे इतक्या ठसठशीतपणे आले नव्हते, ते सगळे विरुद्ध पक्षाच्या वकिलाने विचारल्यामुळे कागदावर आले. निहारिकेने आणखी तसलेच दोन प्रश्न विचारले आणि आणखी तसलीच दोन उत्तरे मिळवली. मागच्या बाकावर विष्णू मिस्त्रीने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग जेवणाची सुटी झाली.

मुजुमदार बाहेर येऊन म्हणाले, "दिघेसाहेब, आज तर काम फत्तेच झालं म्हणायचं."

दिघ्यांनी मान हलवली. वकील म्हणून त्यांची सकाळ उत्तम गेली होती. आज संध्याकाळी मुलीला काय सांगायचे तेही तयार होते: हे तुझं क्षेत्र नव्हे, बेटा, ज्यासाठी तुला शिकवलं तिकडे जा. आपण म्हणत होतो ते खरे ठरले, याचे समाधान व्हायला हवे होते. ते होत नव्हते.

बाररूमच्या टोकाच्या बाकावर निहारिका डबा उघडून बसली होती. दिघे आपला डबा घेऊन तिच्या समोरून गेले आणि थांबले. दोन्ही डबे शोभाताईंनीच भरलेले. दोहोंत गिलक्याची भाजी.

निहारिकेने मान वर केली नाही. "बाबा, काही सांगायचं नाही. आपण विरुद्ध पक्षाचे वकील आहात."

"मी फक्त विचारत होतो, लोणचं हवं का."

"विरुद्ध पक्षाकडून लोणचंही घेत नाही मी."

दिघे पुढे निघून गेले. जाताना त्यांनी पाहिले, तिने सकाळच्या साक्षीची नक्कल डब्याशेजारी ठेवली होती आणि उत्तरांवरून बोट फिरवत होती. आपण काय विचारले ते त्यात कुठेच नाही, हे तिला तेव्हा नजरेने दिसले असावे. ती म्हणते, ते वाचताना तिला अचानक दुधाच्या ग्लासाची आठवण झाली. माझा या योगायोगावर विश्वास आहे, कारण तेवढ्यात तिने डब्यातली भाजी तशीच टाकून झाकण लावले, हे दिघ्यांनीही पाहिले होते.

दुपारी ती उभी राहिली तेव्हा तिचे प्रश्न लहान झाले होते.

"मुजुमदार साहब, यहीं उज्जैन के नानाखेड़ा में आपकी एक दुकान है."

"जी, है."

"बस स्टैंड के पास."

"जी."

"उसमें शटर लगा है."

"लगा है."

"शटर पर ताला है."

"जी, है."

"ताला आपका है."

मुजुमदारांनी दिघ्यांकडे पाहिले. दिघे टेबलाकडे पाहत होते. "जी," मुजुमदार म्हणाले.

"चाबी आपके घर पर है."

"जी."

"दुकान में कोई किरायेदार नहीं है."

"नहीं है."

एकेक वाक्य न्यायाधीशांच्या तोंडून कागदावर उतरत होते: यह कहना सही है कि, यह कहना सही है कि. साक्षीदाराने दोनदा 'लेकिन' म्हणायला तोंड उघडले, आणि दोन्ही वेळा त्याला बसायला जागा सापडली नाही. दिघ्यांना एव्हाना कळले होते की समोर चालले आहे ते आपल्याच जेवणाच्या टेबलावरचे आहे. ती प्रश्नापूर्वी डावा हात टेबलावर पालथा ठेवत होती. तेही त्यांचेच होते, आणि ते आपले आहे हे त्यांना आजवर ठाऊक नव्हते.

मग ती थांबली. आता पुढचा प्रश्न जिभेवर येण्यासारखाच होता: मग मुलाला नानाखेड्यालाच दुकान का थाटून देत नाही? त्या प्रश्नाचे उत्तर दिघ्यांनी अशिलाकडून नीट तयार करून घेतले होते. तो प्रश्न यावा म्हणून वकील दिघे वाट पाहत होते. तो येऊ नये म्हणून त्यांनी टेबलाखाली बोटे आवळून धरली होती.

निहारिकेने कागद एकत्र केले. "और कुछ नहीं, सर."

न्यायाधीश दिघ्यांकडे वळले. "पुनः परीक्षण?"

साक्षीदाराच्या उत्तरात काही अर्धवट राहिले असेल तर त्याच्या वकिलाला ते स्पष्ट करून घेता येते. अशिलाशी प्रामाणिक राहायचे तर दिघ्यांना उठणे भाग होते. आणि आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालता येत नाही, म्हणून प्रश्न मोकळा विचारणेही भाग होते. जो प्रश्न मुलीने टाळला तोच बापाला विचारावा लागला. "नानाखेड़ा की दुकान में आपके बेटे का काम क्यों नहीं हो सकता, यह बताइए."

शिकवलेले उत्तर असे होते की ती जागा फार लहान आणि आडबाजूला आहे. पण सकाळपासून उभे राहून मुजुमदार थकले होते, शपथेवर होते, आणि मुळात खोटे बोलणाऱ्यांपैकी नव्हते. ते म्हणाले, "वैसे तो वहाँ भी हो सकता है, लेकिन टावर चौक में ग्राहकी ज़्यादा है."

न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे टंकलेखकाला सांगितले. 'लेकिन'सकट. दिघे खाली बसले.

त्या दाव्यात पुढे तडजोड झाली. दिघ्यांनीच अशिलाला समजावले, आणि राजसने नानाखेड्याचे शटर उघडले. पण ते नंतरचे.

त्या दुपारी कोर्टरूमच्या बाहेर, पुढच्या प्रकरणासाठी थांबलेले इंदूरचे एक वकील दिघ्यांजवळ आले. त्यांनी सगळे ऐकले होते. "दिघे जी, यह बिटिया कौन है? पढ़ी कहाँ से है?"

या प्रश्नाचे उत्तर दिघे गेली कित्येक वर्षे कुणी न विचारता देत आले होते. आज प्रथमच कुणी जाणकाराने, अगदी योग्य जागी, विचारले होते. दिघ्यांनी फाईलची नाडी बांधली, गाठ सैल झाली म्हणून सोडून पुन्हा बांधली.

"पोतनीस साहब की जूनियर है," ते म्हणाले.

"तभी," इंदूरचे वकील मान डोलावत म्हणाले आणि आत गेले.

दिघ्यांना त्या 'तभी'चे थोडे वाईट वाटले, हे त्यांनी मला कबूल केले. श्रेय भय्यासाहेबांच्या खात्यावर गेले होते आणि ते दुरुस्त करण्याची सोय नव्हती. पण मग ते म्हणाले, "बरं झालं. खरं सांगायला लागलो असतो तर दुधाच्या ग्लासापासून सांगावं लागलं असतं." त्या संध्याकाळी ओसरीवर ते बराच वेळ बसले होते. मी समोरून पाहत होतो. शोभाताई दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या. पुणे आले नाही.

जेवताना विषय शोभाताईंनीच काढला. "दिवाळी आठवड्यावर आलीये. मुंबईचं काय ते आज ठरवा. मला फराळाचा डबा किती मोठा भरायचा ते कळू दे."

निहारिका ताटाकडे पाहत राहिली. सकाळच्या तीन प्रश्नांबद्दल बाबा आता बोलणार, असे तिला वाटत होते. दिघ्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि डावा हात टेबलावर पालथा ठेवला.

"यह कहना सही है कि दिवाली के बाद आप मुंबई जा रही हैं?"

निहारिकेने वर पाहिले. इतक्या वर्षांनी खेळ मांडला गेला आहे हे लक्षात यायला तिला एक क्षण लागला.

"यह कहना गलत है," ती म्हणाली.

शोभाताई पोळी हातात धरून थांबल्या होत्या. दिघ्यांच्या मनात पुढचा प्रश्न होता. इतके सगळे शिकून इथेच का, हा. गेले सहा महिने तो त्यांनी निरनिराळ्या तऱ्हांनी विचारला होता आणि प्रत्येक वेळी उत्तर ऐकून घेतले नव्हते. त्यांनी हात टेबलावरून उचलला.

"और कुछ नहीं," ते म्हणाले, आणि पोळीसाठी ताट पुढे केले.